घासलेली जागा

बुर्सात, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या कारखान्यात
दोन्ही एकाच साच्यातून उतरतात.
एकच लोखंड, एकच भट्टी,
भट्टीपाशी एकच नेज्मी,
दर सोमवारी सिगारेट सोडणारा.
आमच्या भाषेत या भागाला झोपाळा म्हणतात,
गाडीचं चाक त्याला टांगलेलं असतं.

पुढे पट्टा दुभंगतो.
उजवीकडचे झोपाळे निळ्या खोक्यात जातात,
अंगावर कंपनीचं उठावाचं नाव मिरवत.
डावीकडचे माझ्याकडे येतात.

मी नाव काढते.
वडील म्हणायचे, श्यूक्रान, तू नाव काढशील.
काढते, बाबा. दिवसाला सहाशे.
ग्राइंडर टेकवायचा, चार सेकंद,
पाच अक्षरं आणि एक तारा
ठिणग्या होऊन बुटांवर.
घरी डोक्याचा रुमाल झटकला
की मोरीत राखाडी भुकटी पडते.
तिच्यात किती नावं असतील,
कधी मोजली नाहीत.

गेल्या महिन्यात आमचीच गाडी खटखटू लागली.
एकोणीस वर्षांची गाडी, पुढचं डावं चाक,
प्रत्येक खड्ड्यावर कुणी दार ठोठावल्यासारखं.
फिक्रेत म्हणाला, मागे पोर बसते,
ओरिजिनलच आण.
डॉक्टरांपुढे बोलतात तशा आवाजात म्हणाला.

इल्हामीच्या दुकानात
काउंटरवर दोन खोकी आली, मधे चहाचा पेला.
निळं चार हजार आठशे.
पांढरं अकराशे.
‘माल तोच आहे, ताई,’ तो म्हणाला,
‘पण पांढऱ्याची हमी मी देत नाही.
वर नाव नाही ना.’

मी पांढरं उघडलं, अंगठा फिरवला.
लहानपणी तुतीच्या झाडावरून पडले होते,
तेव्हापासून माझं मनगट शेवटी जरा डावीकडे वळतं,
घासलेल्या जागेला माशाची शेपटी फुटते.
शेपटी होती.

हसायलाच येणार होतं.
पण माझ्या टेबलापलीकडे एक लाल पिंप आहे.
केसाएवढी चीर गेलेले झोपाळे त्यात टाकतात,
पुन्हा वितळवायला, असं म्हणतात.
सोमवारी ते भरलेलं असतं.
गुरुवारी रिकामं.
भट्टीकडे जाताना मी ते कधी पाहिलं नाही,
नेज्मीला विचारलंही नाही,
विचारणाऱ्याची पाळी रात्रीची होते.
आणि चार सेकंदांत मी फक्त अक्षरं बघते,
झोपाळ्याची मान बघत नाही.

मग वरचे तीन हजार सातशे कशाचे?
अक्षरांचे, हे तर मला ठाऊकच.
की कुणाच्या तरी नजरेचे,
जी निळ्या खोक्यावरून एकदा जास्त फिरते?
की फिक्रेतच्या झोपेचे?
हिशेब लागेना. चहा निवला.

मी इल्हामीकडे बॅटरी मागितली.
मानेवरून नख फिरवलं, उजेड तिरपा धरला.
‘दुसरा दाखवा.’
तो म्हणाला, ‘टरबूज घेताय की काय?’
‘तिसरा.’
फळीवरचे सातही खाली काढायला लावले.
सातांवरही माझीच शेपटी.
माझ्या हाताखालून गेलेली चीज
मी पहिल्यांदाच नीट बघत होते.
पाचव्याच्या मानेवर नख अडकलं.
चीर असेल, साच्याची शीण असेल.
मी तो परत ठेवला,
आणि इल्हामीने तो फळीवर ठेवला, पुढच्या रांगेत.
मी काही बोलले नाही.
दुसरा घेतला. अकराशे मोजले.

रविवारी दिराने बसवला.
‘निळं खोकं कुठाय?’ फिक्रेतने विचारलं.
‘फेकलं,’ मी म्हटलं.

खटखट थांबली आहे.
पोर मागे झोपते, तोंड उघडं टाकून.
डोंगराचा उतार लागला
की मी अजून रेडिओ बंद करते.